किती दातांचं देऊ?

"एक हॅक्सॉ ब्लेड द्या."

मी मान वर केली नाही. काउंटरवर स्क्रूची पिशवी फुटली होती आणि मी सगळीकडे पसरलेले स्क्रू गोळा करत होते. सवयीनं विचारलं, "किती दातांचं देऊ?"

पलीकडून एक बावरलेला आवाज आला— "बत्तीस… म्हणजे, अक्कलदाढा आल्या असतील तर. नाहीतर अठ्ठावीस."

आता मात्र मी मान वर केली.

समोर एक उंच तरुण उभा. केसांत भिंतीची पांढरी धूळ, शर्टाच्या बाहीवर रंगाचे शिंतोडे, आणि डोळे असे की आपण काहीतरी चुकलोय हे त्यांना कळलंय, पण नेमकं काय ते काही केल्या कळेना.

"करवतीच्या ब्लेडला दात असतात," मी म्हटलं. "एका इंचात किती, ते विचारतेय."

"अच्छा… ब्लेडला." ते इतके लाजले की धुळीतूनसुद्धा कान लाल दिसले. "मला वाटलं तुम्ही मला ओळखलंत आणि थट्टा करताय. मी दातांचा डॉक्टर आहे. समोर, शिवणवाल्यांच्या वर दवाखाना काढतोय."

आता इथं दुसरी कुणीही मुलगी खुदकन हसली असती. पण मी पडले मी. माझा स्वभावच असा की, दाराची कडी लावली का हे बघायला अर्ध्या रस्त्यातून परत येणारी मी. बाबा मला काळजीबाई म्हणतात. तर हसायचं राहिलं बाजूला, मला घाम फुटला— हे आता उद्या सगळ्यांना सांगणार, त्या लोखंडाच्या दुकानातली मुलगी गिऱ्हाइकांचे दात मोजते! त्या गडबडीत मी खणातून बत्तीस दातांचं ब्लेड काढलं, कागदात गुंडाळलं, आणि त्यांच्या हातात दिलं. ते गेले.

गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की आमच्या धंद्यात जो पहिला प्रश्न विचारायचा, तोच मी विचारला नव्हता. काय कापायचंय?

झालं. दुपारभर माझ्या जिवाला चैन नाही. जाड काही कापायला घेतलं तर ते बारीक दातांचं ब्लेड नुसतं घासत बसणार. माणूस वैतागणार, जोर लावणार, ब्लेड सटकणार. आणि दातांच्या डॉक्टरचा हात म्हणजे काय साधी गोष्ट आहे? बोटांवरच त्यांचं सगळं. मी दर थोड्या वेळानं समोरच्या वरच्या खिडकीकडे बघत होते. खिडकी उघडी, आत कुणीतरी हलतंय, एवढंच दिसायचं. हलतंय म्हणजे जिवंत आहेत, असं म्हणून मी पुन्हा खिळे तोलायला बसायची.

दुसऱ्या दिवशी ते आले तेव्हा मी सगळ्यात आधी त्यांच्या हातांकडे बघितलं. दहाही बोटं जागेवर. मग चेहऱ्याकडे.

त्यांनी ब्लेड काउंटरवर ठेवलं. "याचे दात पडले."

"सगळे?"

"एकही शिल्लक नाही. कवळी मिळेल का?"

मी ब्लेडवरून बोट फिरवलं. गुळगुळीत. "काय कापत होतात?"

"खिडकीखाली भिंतीतून एक गज बाहेर आलाय. अंगठ्याएवढा जाड. येणाऱ्याच्या गुडघ्याला लागेल म्हणून—"

"अहो, अंगठ्याएवढा भरीव गज, आणि बत्तीसचं ब्लेड!" माझा आवाज उगाच चढला. "बारीक दातांत लोखंडाचा भुसा अडकतो. मग दात कापत नाहीत, नुसते झिजतात."

"तुम्हीच दिलंत…"

"मीच दिलं," मी म्हटलं आणि माझी मान खाली गेली. "तुम्ही अक्कलदाढा म्हणालात, माझी अक्कल गेली."

तेव्हा ते पहिल्यांदा हसले. हसले म्हणजे कसे— आधी ओठ दाबून धरले, मग खांदे हलले, आणि शेवटी आवाज. मला वाटलं, माणसानं असं हसू नये. ज्याला बघायचं त्यानं काय करायचं?

मी त्यांना अठरा दातांचं दिलं आणि सगळं नीट समजावलं. कापायच्या वस्तूवर एका वेळी निदान तीन दात टेकले पाहिजेत. वस्तू जाड असली की मोठे दात, पातळ असली की बारीक. फ्रेममध्ये बसवताना दातांचं तोंड पुढच्या बाजूला, कारण ब्लेड पुढे ढकलताना कापतं, मागे आणताना नाही.

"मी उलटं बसवलं होतं," ते हळूच म्हणाले. "दात माझ्याकडे."

"देवा!"

"शिकताना दिवसभर दुसऱ्यांचेच दात बघितले मी. माझ्याकडे तोंड करून बसलेले. सवय…"

मागून बाबा ओरडले, "काळजीबाई, ते काय लग्नाचे सल्ले देतेयस का गं इतका वेळ? गिऱ्हाईक थांबलंय!"

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. डॉक्टर मात्र निवांत उभे. ब्लेड हातात फिरवत त्यांनी विचारलं, "घाई केली तर काय होतं?"

"तुटतं."

"आणि फार हळू केलं तर?"

"दिवस जातो नुसता."

"जाऊ दे," ते म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं. त्या दोन शब्दांनी माझी रात्रीची झोप उडवली. काय जाऊ दे? दिवस? की विषय?

मग आला पडद्याचा पाईप. दवाखान्यात मध्ये पडदा लावायचा होता, म्हणजे बाहेर बसलेल्याला आतलं तोंड उघडलेलं दिसायला नको. डॉक्टर रुबाबात आले, कोपर काउंटरवर टेकलं, आणि म्हणाले, "अठराचं द्या."

"काय कापायचंय?"

"पाऊण इंची पाईप. पातळ."

"मग बत्तीसचं लागेल."

"पण तुम्हीच तर म्हणालात—"

"ते गजाला. पातळ नळीच्या कडेवर मोठा दात अडकतो. झटका बसतो, दात मोडतो, कधी ब्लेडच मोडतं. आणि ब्लेड मोडलं की हात जातो पुढे, त्या धारदार कडेवर."

"माझा हात?"

"मग काय माझा?"

"तुम्हाला काळजी वाटते?"

माझे कान गरम झाले. "मला सगळ्यांचीच वाटते," मी म्हटलं.

"अरेरे," डॉक्टर म्हणाले. "सगळ्यांचीच?"

आणि गेले. मी किती वेळ त्या 'अरेरे'वर विचार करत बसले ते सांगत नाही.

त्यानंतर ते येतच राहिले. कधी सकाळी दुकान उघडता उघडता, कधी भुरभुर पावसात डोक्यावर हात धरून. यायचे, काउंटरशी उभे राहायचे, तोंड उघडायचे, मिटायचे, आणि म्हणायचे, "बत्तीसचं एक द्या." मी द्यायची. आणि ते गेले की माझं सुरू व्हायचं— इतकी ब्लेडं? म्हणजे रोज मोडताहेत. म्हणजे रोज झटका बसतोय. म्हणजे एक दिवस… बाबांचं वेगळंच. ते चष्मा कपाळावर चढवून समोरच्या खिडकीकडे बघायचे आणि म्हणायचे, "हा पडदा लावतोय का तुरुंग फोडतोय?"

एका दुपारी डॉक्टर आले ते मूठ बंद करून. माझ्यासमोर त्यांनी मूठ उघडली. तळहातावर स्टीलची एक चकचकीत चकती, मध्ये भोक. पाईपच्या टोकाचा कापलेला तुकडा, बोटाच्या पेराहून कमी रुंद.

"बघा," ते म्हणाले. "सरळ आलंय की नाही?"

मी उचलून डोळ्यांसमोर धरला. खरंच सरळ होता. ना वाकडा, ना कुठं चावलेला. एवढा सरळ काप मला स्वतःला यायला महिना लागला होता.

"छान," मी म्हटलं. मला आणखी पुष्कळ म्हणायचं होतं.

"पाईप आता बरोबर बसतो. पडदा लावला की संपलं काम."

"संपलं?"

"संपलं." त्यांनी पुन्हा तोंड उघडलं. मिटलं. या वेळी ब्लेडसुद्धा मागितलं नाही. "येतो," म्हणाले आणि पावसात गेले. तुकडा काउंटरवरच राहिला.

संपलं काम. मी ते दोन शब्द घेऊन बसले. दुकानात माणूस येतो कशाला, तर काहीतरी घ्यायला. घ्यायचं संपलं की यायचं संपलं. समोरच्या खिडकीच्या आत आता पडदा लागणार, पडद्यामागे लोक तोंड उघडून बसणार, आणि ते मला दिसणारसुद्धा नाहीत. माझी दाढ किडेपर्यंत वाट बघायची का? आणि माझे दात तर मेले एकदम चांगले.

बाबा मागच्या खोलीत माल लावत होते. बाहेर पाऊस, दुकानात कुणी नाही. आणि मला काय बुद्धी सुचली… मी तो तुकडा उचलला. त्यांनी कापलेला. अजून त्यांच्या हाताची ऊब असेल असं वाटलं, नव्हती. डाव्या हाताच्या त्या बोटात, हो, त्याच— घालून बघितला. नुसता बघायला. क्षणभर.

पेरावर जरा अडला. मी दाबला. गेला.

हात लांब करून मी बघितलं. मग काउंटरवरच्या चकाकत्या पत्र्यात बघितलं. मग स्वतःशीच हसले, म्हटलं पुरे झाला वेडेपणा, आणि काढायला गेले.

निघेना.

पाईप कापला की आतल्या कडेला खरखरीत धार राहते, तिला आम्ही बर म्हणतो. कापून झाल्यावर ती कानशीनं घासून काढायची असते. हे मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. एकट्या डॉक्टरांना सांगायचं राहिलं होतं. ती धार आत जाताना सरकली आणि बाहेर येताना पेराखाली रुतून बसली. मी ओढलं, तसं बोटाला ओरखडा आला. तेल लावलं. साबण लावला. मनगट वर धरलं. जितकं ओढावं तितकं बोट सुजत चाललं, आणि जितकं सुजत चाललं तितकी मी जास्तच ओढत गेले. बोट लाल झालं. मग जांभळट. डोळ्यांपुढे मला दिसू लागलं— हॉस्पिटल, डॉक्टरांची रांग, चार बोटांचा हात, आणि सगळे विचारताहेत, 'पण हे घातलं कशाला होतं?'

"काय झालं गं?" बाबा बाहेर आले.

मी हात पाठीमागे लपवला. बाबांनी खांद्याला धरून मला फिरवलं. बघितलं.

"हे काय?"

"पाईपचा तुकडा."

"ते दिसतंय मला. तो बोटात काय करतोय?"

"माप बघत होते."

"कशाचं?"

मी पुन्हा तेलाची बाटली उचलली. बाबांनी नशिबानं पुढे विचारलं नाही, खण उघडला. बत्तीसचा खण रिकामा. "सगळी त्या डॉक्टरनं नेली! दात काय करवतीनं काढतो का तो?" मग दुसरा खण. "अठराचं आहे. चालेल."

"नाही चालणार! एवढ्याशा रुंदीवर दात धड टेकत नाहीत. झटका बसला की बोटावर."

"मग ग्राइंडर आणतो."

"बाबा!"

मशीन फिरायला लागलं की ठिणग्या उडतात, लोखंड तापतं. बाबांनाही ते ठाऊक होतं. त्यांनी माझं बोट डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं, पुन्हा जवळ नेलं. चष्मा लावूनही त्यांना जवळचं नीट दिसत नाही हल्ली. "माझ्या नजरेवर नको सोडूस हे," ते एकदम हळू आवाजात म्हणाले. "जा. त्याच्याकडेच जा. ब्लेडंही तिथंच आहेत आणि हातही."

मी पळाले. छत्री नाही, काही नाही. ओला रस्ता, शिवणवाल्यांचं दार, मग अरुंद जिना. पळता पळता मी दोन्ही गोष्टींना घाबरत होते. बोट जाईल म्हणून, आणि बोट राहिलं तर ते विचारतील म्हणून.

डॉक्टर स्टुलावर उभे राहून पडदा ओवत होते. मला बघून उतरले. मी नुसता हात पुढे केला.

त्यांनी बोट बघितलं आणि चेहऱ्यावरचं सगळं हसू गेलं. माझं बोट त्यांनी दोन बोटांत धरलं, नखावर दाबलं, सोडलं, पुन्हा रंग येतो का बघितलं. "बधिर वाटतंय?"

"थोडं."

"घाबरू नका. वेळ आहे अजून. पण फार नाही."

"तुमचं ते दात कोरायचं मशीन…"

"मशीन आलंय, ते चालवायला हवा देणारा पंप अजून यायचाय." त्यांनी खोलीभर नजर फिरवली. "जमलं नाही तर सरळ हॉस्पिटलला नेतो. आधी सांगा, कुठलं ब्लेड?"

"बत्तीसचं," मी म्हटलं. "असेल ना एखादं? न मोडलेलं?"

त्यांनी टेबलाचा खण ओढला. खणात ब्लेडं होती. कागदात गुंडाळलेली, मी जशी गुंडाळून दिली होती तशीच. घडीसुद्धा मोडलेली नाही. एकावर एक, एकावर एक.

मी बघत राहिले. माझ्या डोक्यात काय यावं? मी दिलेली ब्लेडं यांना पसंत नव्हती, आणि बिचारे तोंडावर सांगू शकले नाहीत.

"वापरलीच नाहीत?" मी विचारलं.

"एका पाईपला एक पुरतं," डॉक्टर म्हणाले. माझ्याकडे न बघता. "आता काय करू, सांगा."

मी सांगत गेले. फ्रेम नको, बोटाजवळ बसणार नाही. ब्लेड मधोमध मोडा, कडक असतं, पटकन मोडतं. धरायच्या टोकाला कापड गुंडाळा. आणि खाली बोटाला लागू नये म्हणून काहीतरी पातळ हवं, लोखंडी. त्यावर ते म्हणाले, 'ते आहे माझ्याकडे,' आणि एका डबीतून कागदासारखी पातळ स्टीलची पट्टी काढली. दाताभोवती लावतात म्हणे ती. ती त्यांनी तुकड्याच्या आणि कातडीच्या मध्ये इतक्या हळुवार सरकवली की मला फक्त गार लागलं.

"दात कुठल्या बाजूला?"

"पुढे. तुमच्यापासून लांब. दाबायचं फक्त पुढे जाताना. मागे येताना उचलायचं."

"दुखलं तर डावा हात वर करा," ते सवयीनं म्हणाले.

"डावा तुमच्याकडे आहे."

"मग ओरडा."

ते खाली बसले, माझा हात गुडघ्यावर घेतला आणि सुरुवात केली. कुर्र… थांब. कुर्र… थांब. मध्ये मध्ये सिरिंजनं पाण्याचे थेंब टाकायचे, लोखंड तापू नये म्हणून. खिडकीबाहेर पाऊस, आत तो बारीक आवाज, आणि त्यांचं डोकं माझ्या इतकं जवळ की केसांतला साबणाचा वास येत होता. त्यांचा हात कणभरही हलत नव्हता. मी मात्र मनात यादी करत होते. ब्लेड घसरलं तर? पट्टी सरकली तर? आणि— ते विचारतील तर?

"ही अंगठी," त्यांनी मान वर न करता म्हटलं.

"तुकडा."

"बरं, तुकडा. बोटात कसा गेला?"

"माप बघत होते."

कुर्र… थांब. "कशाचं?"

हात तर त्यांच्या हातात. पळायची सोय नाही. असं कुठं माणसाला विचारतात?

"तुम्ही म्हणालात संपलं काम," माझ्या तोंडून निघून गेलं. "मग मला वाटलं, आता तुम्ही येणार नाही. आणि हे तुम्ही कापलेलं होतं, तेवढंच होतं माझ्याकडे. म्हणून घालून बघितलं. अंगठीसारखं. झालं?"

ब्लेड थांबलं.

मी डोळे गच्च मिटून घेतले. आता ते हसणार. नाहीतर, त्याहून वाईट, समजूत घालणार. पण दोन्हींपैकी काहीच ऐकू आलं नाही. पुन्हा कुर्र, थांब. कुर्र, थांब. मग एकदम आवाज बदलला. खाली पट्टी लागली होती.

"डोळे मिटलेलेच ठेवा," ते म्हणाले. चिमट्यांचा खणखणाट झाला. दात काढायचे दोन चिमटे दोन बाजूंना लावून त्यांनी तो तुकडा उघडला आणि बोट मोकळं झालं. रक्त धावत आलं तसं बोट असं ठणकलं की मी शेवटी ओरडलेच.

मी डोळे उघडले. बोट होतं. सुजलेलं, कडेनं लाल रेघ उठलेली, पण होतं, आणि जांभळटपणा ओसरत होता. डॉक्टर ते हळूहळू चोळत होते. आता खरं तर हात सोडायला हरकत नव्हती. त्यांनी सोडला नाही.

"आता ऐका," ते म्हणाले. "मी रोज एक वाक्य पाठ करून निघायचो. जिना उतरेपर्यंत यायचं. रस्ता ओलांडेपर्यंतही यायचं. काउंटरशी आलो, तुम्ही बघितलंत, की तोंडातून निघायचं 'बत्तीसचं एक द्या.'"

मला समजायला जरा वेळ लागला. मग तो उघडा खण दिसला. एकावर एक, एकावर एक. प्रत्येक कागदात एक न बोललेलं वाक्य, आणि मी वेडी त्यांची बोटं मोजत बसले होते.

"आज?" मी विचारलं. "आज तर ब्लेडही मागितलं नाहीत."

"आज घाबरलो जास्त. म्हटलं, काम संपलं, आता कारणही नाही."

"मग म्हणा ना."

"काय?"

"तेच. पाठ केलेलं."

ते उभे राहिले. माझ्याकडे बघितलं, तोंड उघडलं, मिटलं. "तुमच्याकडे बघून नाही येत," ते कळवळून म्हणाले. मग माझा हात तसाच धरून ठेवत माझ्याकडे पाठ केली, दाराकडे तोंड केलं, डोळे मिटले, आणि वर्गात कविता म्हणायला उभं केलेल्या मुलासारखा मोठा श्वास घेतला.

जिन्यात पावलं वाजली. मी त्यांचा हात ओढला. त्यांना वाटलं, मी धीर देतेय.

दार उघडलं. दारात बाबा, निथळत, धापा टाकत, हातात ग्राइंडर.

"तुम्ही मला फार आवडता," डॉक्टर डोळे मिटून, एका दमात म्हणाले. "पहिल्या दिवसापासून. तुम्हाला बघितल्याशिवाय माझा दिवस जात नाही. माझ्याशी लग्न कराल का?"

"मी?" बाबा म्हणाले.

डॉक्टरांनी डोळे उघडले. त्यांच्या चेहऱ्याचा रंग माझ्या बोटापेक्षा वाईट झाला. ज्या हातानं माझ्या कातडीपासून केसाएवढ्या अंतरावर करवत चालवली, तो हात माझ्या हातात लटलट कापत होता. आणि मला हसू फुटलं. आधी दाबलं, मग दाबेना. आयुष्यात पहिल्यांदा पुढे काय होईल याची मला काडीचीही काळजी वाटत नव्हती.

बाबांनी माझं बोट बघितलं. धरलेला हात बघितला. उघडा खण बघितला, त्यातली ब्लेडं बघितली. धंद्यातला माणूस, हिशेब जुळायला वेळ लागला नाही. ग्राइंडर त्यांनी सावकाश खाली ठेवला.

"डॉक्टर," ते म्हणाले, "तुम्ही असं 'तुम्ही, तुम्ही' करत राहिलात तर मला कसं कळणार कुणाला म्हणताय? तिला 'तू' म्हणा."

डॉक्टर माझ्याकडे वळले. या वेळी डोळे उघडे.

"तू…" तो म्हणाला, आणि पुढचं सगळं पाठांतर विसरला.